माझ्या भावासाठी ओमांची सही

माझा जावई पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा तो अजून जावई झाला नव्हता, मुलीचा नुसता 'फ्रेंड' होता. बोलता बोलता तो म्हणाला, "माझी आजी व्हिएन्नाची." मी वरण वाढत होते. म्हटलं, "अरे वा, जवळच की! मग मेट्रोने येता-जाता येत असेल त्यांना."

आता यात माझी चूक नाही. आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ हर्नडनला राहतो आणि आमच्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर व्हिएन्ना नावाचं गाव आहे. तिथे मेट्रोचं स्टेशन आहे, भलंमोठं पार्किंग आहे आणि माझ्या दाताच्या डॉक्टरांचा दवाखानाही आहे. पोरगा घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मुलीने कपाळावर हात मारला. "आई! द अदर वन. ऑस्ट्रिया!"

हा किस्सा आजीबाईंपर्यंत अर्थातच पोचला. पुढे काही आठवड्यांनी आम्ही नवरा-बायको त्यांना भेटायला बाल्टिमोरला गेलो, तर दार उघडून त्यांनी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. गंभीर चेहरा करून मला विचारलं, "मेट्रोने आलात का?" आणि स्वतःच इतक्या हसल्या की कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. तिथेच आमचं जमलं.

घरात सगळे त्यांना ओमा म्हणतात. जर्मनमध्ये आजीला ओमा. नव्वदी ओलांडलेली, हातभर उंचीची बाई, पण लिपस्टिक लावल्याशिवाय दार उघडणार नाहीत. अपार्टमेंटमध्ये एकट्या राहतात. एकट्या म्हणजे सोबत एक आखूड पायांचा लांबलचक कुत्रा आहे. तो स्वभावाने खडूस आहे आणि फक्त जर्मन समजतो असं त्यांचं म्हणणं. ओमांचं इंग्रजी पक्कं, पण त्याला त्यांच्या मूळ भाषेची धार आहे. इथे मी त्यांचं सगळं बोलणं मराठीतच लिहिणार आहे, कारण आता माझ्या कानात ते तसंच ऐकू येतं.

लग्न ठरलं, आणि लग्नाला नागपूरहून माझा धाकटा भाऊ आणि भावजय आले. भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे. धंतोलीच्या बाजूला त्याचा दवाखाना आहे, आणि तो कुठेही गेला तरी माणसांच्या आधी त्याला कुत्री ओळखतात. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडची मंडळी जेवायला जमली होती. ओमा कुत्र्याला घेऊन आल्या होत्या. हॉटेलवाले नको म्हणत होते, पण ओमांना नको म्हणणं अवघड असतं. जरा वेळाने बघते तर माझा भाऊ नव्या जाकिटासकट जमिनीवर बसलेला आणि कुत्र्याचा कान उलटा करून आत डोकावत होता.

"याच्या कानाला इन्फेक्शन आहे. किती दिवसांपासून डोकं झटकून राहिला हा?" त्याने मला मराठीत विचारलं; इंग्रजी येत असलं तरी बोलायला तो लाजतो. मी भाषांतर केलं.

ओमा म्हणाल्या, "महिना झाला. आमचा डॉक्टर म्हणतो, वय झालं."

"वय कानाला नाही होत," भाऊ म्हणाला.

त्याने औषधाचं नाव लिहून दिलं, तिथल्या डॉक्टरला काय सांगायचं ते सांगितलं, आणि कुत्र्याने त्याचा हात चाटला. त्या कुत्र्याने म्हणे आजवर परक्या माणसाचा हात चाटला नव्हता. ओमांनी तेव्हाच मला बाजूला घेतलं. "हा माणूस इथे का राहत नाही?"

मी सांगितलं. मी अमेरिकेची नागरिक झाले त्याच वर्षी भावासाठी अर्ज भरला होता. तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती आणि माझे केस काळे होते. भारतातल्या भावंडांची रांग सगळ्यात लांब. दर महिन्याला सरकार एक पत्रक काढतं. त्यात कुठल्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर आता लागला ते दिलेलं असतं. ती तारीख कधी आठवडाभर पुढे सरकते, कधी अजिबात नाही, आणि कधीकधी चक्क मागे जाते. सुरुवातीला मी ते पत्रक देवासमोरच्या पोथीसारखं वाचायचे. पुढे वाचणंच सोडलं होतं.

ओमांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भावाच्या अर्जाची तारीख सांग." मी सांगितली. त्यांनी ती पर्समधल्या छोट्या डायरीत लिहून घेतली.

झालं. तेव्हापासून महिन्याच्या मध्याला त्यांचा फोन यायला लागला. नमस्कार-चमत्कार नाही. "सरकली का?"

"काय सरकली का?"

"तारीख! पत्रक आलंय."

मी भाजी चिरत असायचे, नाहीतर ट्रॅफिकमध्ये असायचे, नाहीतर योगाच्या क्लासमध्ये एका पायावर उभी असायचे. पहिले काही महिने मला मजा वाटली. मग जरा कंटाळा आला. नवरा म्हणायचा, "म्हाताऱ्या माणसांना काहीतरी छंद लागतो. माझे काका नाही का, ज्या मॅचमध्ये भारत नाही तिचाही स्कोअर विचारायचे." मलाही तसंच वाटलं. मुलीला म्हटलं, "तुझ्या ओमांना माझ्या भावाच्या व्हिसाची माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे." ती हसली नाही. "आई, आस्क हर व्हाय," एवढंच म्हणाली.

पुढच्या वेळी बाल्टिमोरला गेले तेव्हा विचारलं. ओमा स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या. त्यांनी कॉफी केली, कप बशीत ठेवले, बशीत बिस्किटं ठेवली, आणि मग बसल्या.

त्यांचे वडील व्हिएन्नात हातमोजे शिवायचे. चामड्याचे, बायकांचे, कोपरापर्यंतचे. ऑपेराला जाणाऱ्या बायका त्यांच्याकडून हातमोजे शिवून घ्यायच्या. दुकान छोटं, पण गावात नाव होतं. मग नाझी आले, आणि ओमांचं घर ज्यू. ओमा तेव्हा नुकत्याच शाळेत जायला लागल्या होत्या. आठवड्याभरात दुकानाला दुसऱ्याच माणसाचं कुलूप लागलं. ज्या शेजाऱ्यांना वडील रोज हॅट काढून अभिवादन करायचे, त्याच शेजाऱ्यांच्या घोळक्यासमोर वडिलांना गुडघ्यांवर बसवून रस्ता घासायला लावला. ओमांनी ते खिडकीतून पाहिलं. "घासायच्या पाण्यात अ‍ॅसिड टाकलेलं होतं," त्या म्हणाल्या. "हातमोजे शिवणारा माणूस, आणि हात महिनाभर पट्टीत."

निघायचं तर होतं, पण जायचं कुठे? अमेरिकेचा व्हिसा मिळायचा, पण त्यासाठी अमेरिकेतल्या कुणीतरी लिहून द्यायला लागायचं की या लोकांना मी सांभाळीन, हे सरकारच्या गळ्यात पडणार नाहीत. आणि असं लिहून देणारा शक्यतो नातेवाईक हवा. ओमांच्या घरचं कुणीही अमेरिकेत नव्हतं. ना काका, ना मामा, ना कुठला लांबचा चुलत-चुलत कोणी.

"मग?"

"मग माझी मावशी हुशार होती," ओमा म्हणाल्या.

आईची धाकटी बहीण. लग्न झालेलं नव्हतं, टायपिंग करायची, सिगारेट ओढायची, आणि तिला इंग्रजी येत होतं. मोठ्या पोस्टात परदेशी शहरांच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या असायच्या, निदान ओमांच्या आठवणीत तरी पोस्टातच. मावशी तिथे जाऊन बसली आणि अमेरिकेतल्या एकेका शहरात आपल्या मेव्हण्याच्या आडनावाची माणसं शोधून काढली. त्या सगळ्यांना तिने पत्रं टाइप केली. 'आपलं आडनाव एक आहे. कदाचित आपण एकाच घराण्यातले असू. आम्ही कष्टाळू माणसं आहोत.' अशी पत्रं तेव्हा व्हिएन्नातून पुष्कळ घरांमधून जात होती, ओमा म्हणाल्या. बहुतेकांना उत्तरच यायचं नाही. काहींना यायचं, की क्षमस्व.

बाल्टिमोरहून एका माणसाचं उत्तर आलं. सुरुवातच होती, 'प्रिय बंधू'.

हा माणूस काकडीचं लोणचं विकायचा. लाकडी पिंपात मिठाच्या पाण्यात घातलेल्या काकड्या. दुकानात पाऊल ठेवलं की नाक चुरचुरायचं. तो काही त्यांचा भाऊबिऊ नव्हता, आणि हे त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं, कारण ते आडनाव त्याचं मूळचं नव्हतंच. त्याचे वडील पूर्व युरोपातून अमेरिकेत आले तेव्हा त्यांचं आडनाव इतकं लांबलचक होतं की शाळेतल्या मास्तरांनी पोरांच्या हजेरीपुरतं त्याचं तोडून छोटं केलं, आणि तेच चिकटलं. म्हणजे मास्तरांनी जर वेगळ्या ठिकाणी तोडलं असतं तर ओमा आज नसत्या. हे सांगताना त्यांना फार मजा वाटत होती.

लोणचेवाल्याने सही केली. व्हिएन्नातल्या अमेरिकन वकिलातीने ती परत पाठवली: माणसाची ऐपत पुरेशी नाही, नातं लांबचं आहे, आणखी कुणाची हमी आणा. मग तो समोरच्या पाववाल्याकडे गेला. पाववाला ज्यू नव्हता, जर्मन होता, आणि दोघांचं पार्किंगवरून भांडण चालू होतं. हा प्रसंग ओमांनी नंतर लोणचेवाल्याच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की दोघांचे आवाज काढून त्यांनी मला तो करून दाखवला.

"माझा भाऊ व्हिएन्नात अडकलाय. सही कर."

"तुला कुठे भाऊ आहे? वीस वर्षं ओळखतो मी तुला."

"आता आहे."

पाववाल्याने हात पिठाचे होते ते पुसले आणि सही केली. पार्किंगचं भांडण मात्र पुढे तसंच चालू राहिलं.

ओमा, त्यांची आई आणि वडील बोटीने न्यूयॉर्कला उतरले. धक्क्यावर लोणचेवाला बायकोला घेऊन उभा होता. वडिलांनी त्याच्यासाठी एक छान भाषण पाठ केलं होतं, इंग्रजीत. त्यातलं एक वाक्य त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी नुसता त्याचा हात धरला आणि सोडेचनात. लोणचेवाल्याच्या बायकोने शेवटी म्हटलं, "अहो, आपल्याला बाल्टिमोरची गाडी पकडायचीय." वर्षभर हे तिघं लोणच्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहिले. ओमा शाळेत गेल्या की पोरं नाक धरायची. पुढे वडिलांना कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात हातमोजे दुरुस्तीचं काम मिळालं. लोणचेवाला मात्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याने आणखी काही 'भावांसाठी' सह्या केल्या, मिळतील त्या गिऱ्हाइकांकडून करवून घेतल्या. त्याची बायको म्हणायची, "लग्न ठरताना तुझ्या घरच्यांनी सांगितलं होतं, मुलाचं कुटुंब छोटं आहे."

मी हसत होते. मग लक्षात आलं की ओमांनी कप खाली ठेवलाय.

"मावशी?" मी विचारलं.

"मावशीचा नंबर मागचा होता. तेव्हाही रांग होती, तुमच्यासारखीच. दर देशातून दर वर्षी ठरावीक माणसं. मावशीचे कागद बाबांनी आणि लोणचेवाल्यांनी मिळून केले. सगळे पुरे झाले होते. फक्त तिचा नंबर लागायचा होता. आई रोज पोस्टमनला विचारायची, नंबर सरकल्याचं काही आलंय का. मी तिच्याबरोबर जिन्यात उभी असायचे." ओमांनी बिस्किटाचा तुकडा कुत्र्याला दिला. "मग युद्ध वाढलं, तिकडच्या अमेरिकन कचेऱ्या बंद झाल्या. मावशीला नाझींनी पूर्वेकडच्या छावणीत नेलं. नंतर काही कळलं नाही. म्हणजे, कळलं."

त्या दिवसानंतर महिन्याच्या मध्याला मीच त्यांना फोन करायला लागले. सकाळी पत्रक उघडायचं, भारताचा रकाना बघायचा आणि ओमांना कळवायचं. सरकली. नाही सरकली. सरकली, पण थोडीच. त्या दर वेळी "बरं" म्हणायच्या.

आणि एका महिन्यात माझ्या भावाची तारीख ओलांडून आकडा पुढे गेला. मी दोनदा चष्मा पुसला. ओमांना फोन केला तर त्या फोनवरच जर्मनमध्ये काहीतरी ओरडल्या आणि कुत्रा भुंकायला लागला.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट झाली होती. भावाचा मुलगा एकवीस वर्षांचा होऊन अर्जातून आपोआप गळला होता. आता फक्त भाऊ आणि भावजय. दुसरी गोष्ट म्हणजे आमची. नवऱ्याच्या कंपनीने त्याला वर्षभरापूर्वी कमी केलं होतं. त्यावर त्याने "मी रिटायर झालो" असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मीही लायब्ररीतली नोकरी सोडली होती. भावाला सांभाळीन अशी सही तर मलाच करायची होती, पण आमची वकीलबाई म्हणाली, "घर, बचत धरून जमेल कदाचित. पण जोडीला आणखी एकाने सही केली तर काम चोख होईल."

शुक्रवारी संध्याकाळी मुलीकडे जेवायला होतो. ज्यूंच्या शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या सणाच्या मेणबत्त्या लागलेल्या, ब्रेड कापलेला, आणि मी हे जावयाला सांगत होते. तो म्हणाला, "आम्ही करू ना सही." इतक्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"मी करणार."

मला वाटलं, ओमांना नीट ऐकू आलं नसेल. माझी मुलगी वकील आहे, पण पेटंटची. तरी तिने वकिली आवाज काढला. "ओमा, धिस इज अ सीरियस थिंग. सही केली की जबाबदारी बरीच वर्षं राहते. मामा इथे दहा वर्षं काम करेपर्यंतसुद्धा राहू शकते."

ओमांनी मनात हिशेब केला. "म्हणजे मी शंभरी ओलांडेपर्यंत. चालेल."

"अँड इफ समथिंग हॅपन्स टू यू?"

"मी मेले तर? मग दुसरं कोणी सही करेल. मी जिवंत असताना मी करणार." मग माझ्याकडे वळून जरा हळू म्हणाल्या, "मुलं झाली, नातवंडं झाली, सगळी इथेच जन्मली. कुणासाठी सही करायची वेळच आली नाही माझ्यावर. जिच्यासाठी करायची होती, तेव्हा मी दुसरीत होते."

जावयाने गुपचूप सूप वाढलं.

ओमांकडे पेन्शन होती, घर होतं, नवऱ्याने मागे ठेवलेलं बऱ्यापैकी होतं. कायद्याने काहीच अडचण नव्हती. सहीच्या दिवशी मुलगी लॅपटॉप घेऊन गेली, मी शिरा करून नेला. ओमा जांभळं जाकीट घालून, मोत्यांची माळ घालून तयार होत्या, जणू कोणी मुलगी बघायला येणार होतं. मुलीने दाखवलेलं प्रत्येक पान त्यांनी वाचलं. 'अर्जदाराशी नातं काय?' असा प्रश्न आला तेव्हा मुलगी म्हणाली, "इथे 'नातं नाही' लिहायचं." ओमा म्हणाल्या, "तू काय हवं ते लिही." आणि मग त्यांनी अशी लफ्फेदार सही केली की ती रेघेच्या बाहेर गेली.

त्याच दुपारी भावाला व्हिडिओ कॉल लावला. नागपूरला रात्रीची जेवणं उरकली होती. ओमांनी मुलाखतच घेतली. गाडी येते का? येते. उजव्या बाजूने? शिकेन. थंडी चालेल का? "नागपूरच्या उन्हातून कुठंही चालते," भाऊ म्हणाला. मी भाषांतर करत होते. भावजय मागे हात जोडून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे तेव्हा मी नीट पाहायला हवं होतं.

आमच्या घरात उत्साह संचारला. नवऱ्याने बेसमेंटला नवं कार्पेट घातलं, छोटा फ्रिज आणला. मी कपाटात पोह्यांचे डबे भरून ठेवले. नवरा म्हणाला, "त्यांना यायला अजून अवकाश आहे, पोह्यांना जाळी लागेल." मी ऐकलं नाही.

मुंबईतल्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली, आणि ती आठवड्यावर असताना भावाचा फोन आला.

"ताई, तू रागावशील. पण ऐकून तर घे."

"काय झालं? मेडिकलमध्ये काही निघालं का?"

"नाही, नाही. तसं काही नाही. ताई, मी नाही येत."

मला वाटलं नेटवर्क गेलं. "काय म्हणालास?"

"मी नाही येत अमेरिकेला. आम्ही दोघं नाही येत. पोट्टा इकडं, आम्ही तिकडं, हे काही जमत नाही ना. आणि तिथं येऊन मी काय करू? इथं सकाळी शटर उघडायच्या आधी लोक कुत्री-मांजरी घेऊन लायनीत बसून राहतात. तिथं मला पुन्हा परीक्षा. या वयात कोणत्या तरी पोराच्या हाताखाली कुत्र्यांचे पिंजरे धुवू का?"

"हे तुला आज सुचलं? इतकी वर्षं काऊन नाही बोललास?" रागावले की माझं नागपूर बाहेर येतं.

"इतकी वर्षं नंबरच लागत नव्हता ना. मग कशाला बोलायचं? तुला वाईट वाटलं असतं."

मी फोन ठेवला. मग स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली, घासलेली सुद्धा. नवरा दारातून डोकावून म्हणाला, "बेसमेंटमध्ये टेबल टेनिसचं टेबल बसेल, मी मोजून पाहिलंय." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तसाच मागे गेला.

राग होताच, पण जास्त भीती होती ती ओमांना कसं सांगायचं याची. ज्या बाईने मोत्यांची माळ घालून सही केली, तिला काय सांगू? की तुमच्या सहीची गरज नाही, माझ्या भावाला इथं यायचंच नाही? ज्या कागदाची त्यांच्या मावशीने वाट पाहिली आणि तो आला नाही, तोच कागद हातात आलेला माझा भाऊ सोडून देतोय? फोनवर सांगणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी काढली. बेल्टवेवर, म्हणजे शहराला वळसा घालणाऱ्या हायवेवर, नेहमीसारखी गर्दी होती. भाषण पाठ करत गेले, आणि बाल्टिमोरला पोचेपर्यंत सगळं विसरले.

ओमा टेबलाशी बसून प्लम चिरत होत्या. केक करायचा होता. मला एक सुरी दिली. मी दोन प्लम चिरले आणि सांगून टाकलं.

त्या चिरायच्या थांबल्या. मग विचारलं, "त्याला तिथे कोणी त्रास देतं?"

"नाही."

"दवाखाना त्याचाच आहे? कोणी घेतला नाही?"

"त्याचाच आहे. पाटीवर त्याचंच नाव आहे."

"आणि रस्त्याने जातो तेव्हा?"

"तेव्हा काय? लोक थांबवतात. कुणाच्या कुत्र्याला खाज सुटलीय, कुणाची मांजर जेवत नाही. बाजारात भाजी घ्यायला गेला तर तासभर येत नाही परत."

ओमांचा चेहरा हळूहळू उजळला. मी सांगते ते खरं की काय म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तो कशाला येईल? माझे बाबासुद्धा आले नसते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते प्लमच्या आंबटाने आलं असं म्हणता आलं असतं, पण मी म्हटलं नाही. ओमांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, कारण मी तुकडे फार जाड करत होते.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. "तुमची सही वाया गेली."

"वाईट वाटलं ना. माझ्या कुत्र्याचे दात कोण बघणार आता?" मग थोड्या वेळाने, तुकडे पिठावर ओळीने लावता लावता म्हणाल्या, "सही वाया जाणं किती चांगलं असतं, तुला माहीत नाही."

केक भट्टीत गेल्यावर त्या खुर्चीतच पेंगल्या. मी ओटा आवरला, कुत्र्याला खाली फिरवून आणलं. निघताना त्यांनी अर्धा केक मला बांधून दिला आणि बजावलं, "भावाला ओरडू नकोस."

मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला तेव्हा तिकडे संध्याकाळचा दवाखाना चालू होता, मागे दोन-तीन कुत्री एकदम भुंकत होती.

"ताई, अजून रागावून राहिली का?"

"नाही. ओमांना सांगितलं काल."

"मग? काय म्हणाल्या?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

मी सांगितलं. कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने "थांबा जरा" म्हटलं. मग मला म्हणाला, "लग्नाच्या वेळचा टुरिस्ट व्हिसा आहे ना आपला अजून. चालला तर दिवाळीनंतर पंधरा दिवस येऊन जातो. त्यांना भेटायचंय मला."

तो खरंच आला. भावजय संत्रा बर्फी घेऊन आली, आणि कस्टम्सवाल्याने ती उघडून पाहिली. दुसऱ्याच दिवशी आम्ही बाल्टिमोरला गेलो. भावाने खिशातून छोटा टॉर्च काढला आणि कुत्र्याला मांडीवर घेतलं. कुत्रा गुरगुरला नाही. ओमा शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या, एक हात भावाच्या खांद्यावर ठेवून, आणि तो मराठीत जे काही सांगत होता त्याला माझ्या भाषांतराची वाट न बघता मान हलवत होत्या.

"मागचा एक दात हलून राहिला, काढावा लागेल," भाऊ म्हणाला. "बाकी तब्येत एकदम झकास आहे." मी भाषांतर केलं.

"कुणाची?" ओमांनी मला विचारलं. "माझी की त्याची?"